झील धरणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी आमच्या गावात, यावल तालुक्यात, थंडीच्या दिवसांत वहीगायन व्हायचं, म्हणजे आपल्याकडचं डफावरचं लोकगायन. पुढे मुख्य गायक, हातात डफ. त्याच्या मागे दोघं-तिघं झील धरणारे. सगळं गाव गायकाकडे बघायचं. मी मात्र मागच्या एका म्हाताऱ्या झीलकऱ्याकडे बघत बसायचो. गायकाची ओळ संपत आली की तो मान किंचित वर करायचा, ओळीचं शेवटचं टोक उचलायचा आणि लांबवायचा. तेवढ्यात गायक दम खायचा, पुढची ओळ जुळवायचा. एका रात्री गायक मधेच अडला. म्हाताऱ्यानं तीच झील तीनदा फिरवली, दर वेळी जराशी वेगळी. ओळ सापडेपर्यंत बसलेल्या माणसांना त्यानं काही कळू दिलं नाही. मला कळलं, कारण मी त्याच्याकडेच बघत होतो.

पुढे मी नट झालो. सत्तावीस वर्षं सिनेमात आणि मालिकांत कामं करतोय. हवालदार केले, तलाठी केले, मुलीचे बाप तर किती केले त्याची मोजदाद नाही. सेटवर आम्हाला कॅरेक्टर आर्टिस्ट म्हणतात आणि पुरस्काराच्या कागदावर सहाय्यक अभिनेता. मी स्वतःला झीलकरी समजतो. आज मला या कामाबद्दल बोलायचं आहे, कारण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडची पोरं हल्ली मोठ्या संख्येनं मुंबईची गाडी धरतात आणि त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला हेच काम येणार आहे.

सेटवर प्रसंग कसा चित्रित होतो ते आधी सांगतो. पहिल्यांदा मास्टर घेतात, म्हणजे सगळी माणसं एका चौकटीत. मग नायक-नायिकेचे क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट. त्यांचे क्लोज चालू असताना समोरचा नट कॅमेऱ्यात नसतो. फार तर त्याचा खांदा दिसतो, त्याला सजेशन म्हणतात. पण संवाद त्याला पुरेच म्हणावे लागतात, कारण समोरच्याला क्यू, म्हणजे त्यानं कधी बोलायचं त्याची खूण, हवा असतो. काही जण अशा वेळी खुर्चीत जाऊन बसतात आणि एखादा सहायक दिग्दर्शक हातातला कागद वाचून क्यू देतो. नायिकेनं बापाकडे बघून रडायचं असतं आणि समोर पोरगा कागद वाचत उभा असतो! मला ते कधी पटलं नाही. मी उभा राहतो आणि डोळ्यांत तेच आणतो जे माझ्या क्लोजमध्ये आणलं असतं. माझा क्लोज बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो. तोवर उजेड उतरलेला असतो, माणसं थकलेली असतात, जेवणाच्या ताटांचा आवाज यायला लागलेला असतो. एक टेक, फार तर दोन. आणि मास्टरमध्ये चहाचा कप कोणत्या हातात होता, कोणत्या शब्दावर खाली ठेवला, हे लक्षात ठेवायचं. चुकलं तर संकलनाच्या टेबलावर आधी माझाच शॉट जातो.

एका सिनेमात मी बाप होतो. मुलगी घर सोडून निघते आणि का निघते ते सांगते. मला एकच वाक्य होतं. सिनेमा पूर्ण झाला तेव्हा तेही कापलेलं निघालं. वर्षभरानं तो टीव्हीवर लागला. गावी आमच्या ओट्यावर शेजारपाजार जमला होता. प्रसंग आला आणि गेला. आई म्हणाली, "तू तं काही बोललाच नही." मला मान वर करवेना. ती उठली, आत जाऊन भाकरी थापायला बसली. थोड्या वेळानं तिथूनच म्हणाली, "पन तू आयकत व्हता, ते दिसलं मले."

माझ्या अभिनयाबद्दल आजवर कुणी काही बोललं असेल, तर मी हे वाक्य सगळ्यांच्या वर ठेवतो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं ते म्हटलं. ऐकणं दिसावं लागतं. समोरचा बोलतोय ते या क्षणी पहिल्यांदा माझ्या कानावर पडतंय, हे सतराव्या टेकलाही खरं वाटलं पाहिजे.

या कामातली थोर माणसं आठवायची तर मला पहिल्यांदा ललिताबाई पवार आठवतात. त्या येवल्याच्या. मुंबईला जाताना मनमाड लागलं की मी दर वेळी त्या दिशेला बघतो. मूकपटांपासून त्या नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात सहकलाकाराची थप्पड जरा जोरात बसली. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. पण चेहऱ्याची शीर दुखावली, लकवा झाला, तीन वर्षं उपचारांत गेली आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेची कारकीर्द तिथंच संपली. मग ही बाई चरित्र भूमिकांकडे वळली आणि ज्या डोळ्यानं तिचं नायिकापण गेलं, तोच डोळा तिच्या खाष्ट सासवांची ओळख झाला. पण त्यांना फक्त खाष्ट सासू म्हणणं अन्यायाचं आहे. 'श्री ४२०' मधली केळेवाली आठवा. १९५५ चा सिनेमा. आम्ही केळीच्या मुलखातली माणसं. टोपली पुढ्यात घेऊन बसणारी, गिऱ्हाईकाशी भांडणारी आणि तरी माया लावणारी बाई आम्हाला रावेरच्या बाजारात रोज भेटते. मुंबईच्या पडद्यावर ती इतकी खरी कशी उतरली, याचं मला आजही नवल वाटतं. १९५९ च्या 'अनाडी' मधल्या मिसेस डिसानं त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळवून दिला. आणि १९८७ साली दूरदर्शनच्या 'रामायण' मध्ये त्या मंथरा झाल्या. रविवारी सकाळी एका टीव्हीसमोर अर्धा गाव बसायचा तो काळ. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठीत वाकलेली, आणि तिच्या दोन प्रसंगांनी अख्ख्या कथेला वनवासाची वाट धरायला लावली.

निळूभाऊ फुल्यांचं दुसरं उदाहरण. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला माणूस. १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी' मधल्या झेलेअण्णांच्या भूमिकेनं त्यांना पडद्यावर आणलं. त्यांचा पाटील किंवा सरपंच ओरडायचा नाही. आवाज खाली, शब्द सावकाश, मान तिरकी. आमच्याकडच्या बायका पडद्याकडे बघून बोटं मोडायच्या. आणि हा माणूस प्रत्यक्षात आयुष्यभर समाजवादी चळवळीत, कष्टकऱ्यांच्या बाजूनं उभा. नट म्हणून मी त्यांच्याकडून एक गोष्ट उचलली: आवाज उतरवला की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं, आणि तो वाकला की प्रसंग तुमच्या हातात येतो. नगरचे सदाशिव अमरापूरकर १९८३ च्या 'अर्धसत्य' मध्ये मोजक्याच प्रसंगांत आहेत, पण त्यांचा रामा शेट्टी समोर नसताना पडद्यावर जी दहशत राहते ती त्या मोजक्या प्रसंगांतून येते.

या कामाचा मान फार उशिरा झाला, हे मला मनापासून लागतं. फिल्मफेअरनं १९५५ पासून सहाय्यक भूमिकांना पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी आपल्या उषा किरण आणि 'बूट पॉलिश' साठी डेव्हिड. पण राष्ट्रीय पुरस्कारांचं काय? नट आणि नटीचे राष्ट्रीय सन्मान १९६७ च्या चित्रपटांपासून सुरू झाले. सहाय्यक अभिनयासाठी तिथं जागा झाली ती १९८४ च्या चित्रपटांपासून. मधली सतरा वर्षं हे काम राष्ट्रानं पाहिलं, पण त्याला वेगळं नाव दिलं नाही. जागा झाल्यावर पहिली मानकरी मराठी बाई होती, रोहिणी हट्टंगडी, याचा मला फार आनंद आहे.

आता भाषेबद्दल बोलतो. हे बोलताना मला अजून त्रास होतो.

मुंबईत पहिल्या वर्षी एका ठिकाणी ऑडिशनला गेलो. दोन वाक्यं म्हटली आणि समोरच्या माणसानं हात वर केला. म्हणाला, "तुमचा ळ कुठे आहे?" आमच्या बोलीत ळ चा य होतो. केळी म्हणजे केयी, डोळा म्हणजे डोया, आणि खुद्द जळगाव म्हणजे जयगाव. बहिणाबाईंच्या ओव्यांतही भाकर 'मिळत' नाही, 'मियते'. पण त्या दिवशी मला बहिणाबाई आठवल्या नाहीत, फक्त लाज आठवते. मग मी वर्षभर ळ घोटला. लोकलच्या दारात उभा राहून कमळ, बाभूळ, सकाळ, निळी फुलं. जीभ वळली. कामंही मिळायला लागली. पण गावी आलो की आई म्हणायची, "तू पाव्हन्यासारखा बोलतो."

पुष्कळ वर्षांनी एका दिग्दर्शकानं शेतकऱ्याची भूमिका दिली आणि वाचनाच्या वेळी विचारलं, तुम्ही घरी असं बोलता का? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, मग घरचं बोला. दोन दिवस माझ्या तोंडून केयी निघेना, केळीच निघे. घालवलेला य परत यायला वेळ लागला. आज मी मुलांना सांगतो, प्रमाण भाषा शिका, नीट शिका, ती धंद्याची गरज आहे. पण तिच्यासाठी अहिराणी किंवा लेवा बोली विसरू नका. दोन्ही जिभा ठेवा. ज्याच्याकडे दोन जिभा आहेत त्याच्याकडे दुप्पट भूमिका आहेत.

मालिकांनी आमचं पोट सांभाळलं, हे कबूल केलं पाहिजे. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. १९९९-२००० च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिकांची रांग लागली. मी तेव्हा नुकताच मुंबईत स्थिरावत होतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ शिफ्ट, दिवसावर पैसे. महिन्यात किती दिवस बोलावतील ते कथेच्या हातात. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी एखाद्या काकांचा ट्रॅक आवरता घेतात. मलाही असं दोनदा मारलं. एका मालिकेत माझा फोटो हार घालून सात-आठ महिने भिंतीवर होता. घरी पोरगी ते बघून रडायची, म्हणून त्या वेळेला आम्ही टीव्ही बंद ठेवायचो.

आणि पैसे हातात पडतात ते काम झाल्यावर नव्वद दिवसांनी. म्हणजे दिवाळीत केलेल्या कामाचे पैसे संक्रांत उलटल्यावर. एका ठिकाणचे तर आलेच नाहीत. सोळा दिवसांचं काम होतं. करारात काय लिहिलं आहे ते मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून वहीत रोजची नोंद ठेवतो: तारीख, जागा, कॉलची म्हणजे सेटवर बोलावल्याची वेळ, पॅक-अपची म्हणजे काम संपल्याची वेळ, ठरलेली रक्कम. शेतातल्या मजुरांची हजेरी माझे वडील जशी लिहायचे, अगदी तशी. त्या वहीनं नंतर दोनदा माझे पैसे वसूल करून दिले.

जी मुलं ऐकत असतील त्यांना हात जोडून एक सांगतो. तालुक्याच्या गावी हॉटेलात खोली घेऊन काही जण ऑडिशन भरवतात आणि नोंदणीचे म्हणून दोन हजार, पाच हजार मागतात. देऊ नका. पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, आमच्याकडूनच काढा म्हणतात, तेही नको. काम देणारा माणूस तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. हल्ली पहिली चाचणी मोबाईलवरच होते. साधी भिंत, खिडकीचा उजेड, नाव, वय, उंची सांगायची, दिलेला प्रसंग म्हणायचा आणि पाठवायचा. ते चोपड्यातून होतं, शहाद्यातून होतं. त्यासाठी मुंबईत खोली करायची गरज नाही. खोली कराल तेव्हा सहा महिन्यांचं भाडं गाठीला ठेवून करा. आणि इथं आहात तोवर राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरची नाटकं बघा, जमलं तर त्यात कामं करा. बघताना एखाद्या प्रयोगात बोलणाऱ्या नटावरची नजर काढून जो गप्प उभा आहे त्याच्यावर ठेवा. तो ऐकतोय की स्वतःच्या वाक्याची वाट बघतोय, ते अर्ध्या मिनिटात कळतं.

तो म्हातारा झीलकरी मी मुंबईला गेल्यावर चार वर्षांनी वारला. त्याचा गायक मागे राहिला. पुढच्या हिवाळ्यात मी गावी असताना वही झाली तेव्हा मागे नवीन पोरगा उभा होता, आवाजानं गोड. गायक एका ओळीवर अडला. पोरगा त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मी मांडी घालून बसलो होतो, काही विचार न करता मागच्या मागे उठलो आणि झील धरली. माझा आवाज गाण्याचा नाही. पण ती ओळ मला पाठ होती, ती मी दोनदा फिरवली आणि गायक पुढे गेला. त्यानं वळून पाहिलं नाही. डफावरचा हात मात्र जरा हलका झाला, ते मला ऐकू आलं.

आज रात्रीच्या गाडीनं निघतोय. उद्या सकाळी नऊचा कॉल आहे. दोन प्रसंग आहेत, एकात मला वाक्य आहे. नमस्कार.