गुरूच्या पोटातला धातू

गुरू ग्रहावर पाय टेकायला जमीनच नाही. दिसतात ते ढग, आणि ढगांखाली हजारो किलोमीटर खोल मुख्यतः हायड्रोजन. विश्वातलं सगळ्यात हलकं मूलद्रव्य. पण गुरूचं वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. वरचा प्रत्येक थर खालच्याला दाबत जातो.

७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ या अवकाशमोहिमेची एक शोधकुपी या ढगांत शिरली. जवळजवळ तासभर तिने माहिती पाठवली. ती गप्प झाली तेव्हा बाहेरचा दाब आपल्या हवेच्या सुमारे २२ पट होता. गुरूच्या सत्तर हजार किलोमीटर त्रिज्येपुढे ही खोली म्हणजे काहीच नाही. खरी उलथापालथ सुरू होते ती दाब लाखो पटींत गेल्यावर.

हायड्रोजनच्या रेणूत दोन अणू आपापला इलेक्ट्रॉन वाटून घेतात. रेणू अतोनात जवळ दाबले गेले, की इलेक्ट्रॉन कुणा एकाचे राहत नाहीत, मोकळे वाहू लागतात. वीज वाहू लागते. म्हणजेच हायड्रोजन धातू होतो! विग्नर आणि हंटिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञांनी हे १९३५ सालीच कागदावर मांडलं होतं. त्यांच्या हिशेबाने अडीच लाख पट दाब पुरेसा होता. प्रत्यक्षात तो फारच तोकडा ठरला.

पुरावा आला १९९६ साली, कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतून. उणे २५३ अंशांना द्रव केलेला हायड्रोजन, थराची जाडी फक्त अर्धा मिलिमीटर, दोन्ही बाजूंना नीलमण्याच्या चकत्या. त्यावर वायूच्या तोफेतून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने धातूची चकती आदळवली. आघाताची लाट नीलमण्यांच्या मध्ये पुढे-मागे आपटत राहिली आणि दाब चढत १४ लाख पटींवर गेला. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळ. पण तेवढ्यात तारांनी वीज वाहताना पकडली. हायड्रोजन तेव्हा घन नव्हता, तापलेला द्रव होता. गुरूच्या पोटात असाच द्रव असणार, आणि म्हणून हा प्रयोग इतका मोलाचा.

या वाहत्या धातूतूनच गुरूचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. सूर्यमालेतल्या कुठल्याही ग्रहाचं इतकं बलवान नाही. या क्षेत्राची सूर्यापासून दूर ताणलेली शेपूट थेट शनीच्या कक्षेपर्यंत पोचते.

गुरूत हायड्रोजनबरोबर हेलियमही आहे, पण धातू झालेल्या हायड्रोजनमध्ये तो नीट विरघळत नाही. त्याचे थेंब वेगळे होतात आणि खाली बरसतात. निऑन वायू या थेंबांत सहज मिसळतो आणि त्यांच्याबरोबर खोल जातो. कुपीने मोजलं तेव्हा गुरूच्या वरच्या हवेत निऑन सूर्याच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा सापडला, त्याचं सर्वांत पटणारं कारण हेच. शनी आतून अधिक थंड, त्यामुळे तिथे हा पाऊस आणखी जोरात पडत असावा. पडणाऱ्या हेलियमची ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते, आणि शनी आजही त्याच्या वयाच्या हिशेबापेक्षा जास्त तापलेला का, याचा उलगडा होतो.