चित्रकलेचा क्लास लावला, तरी चित्र बिघडतंय? आधी तांब्याचं बूड बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखालच्या कमेंट वाचत होते. निम्म्या लोकांचं गाऱ्हाणं एकच. "मॅडम, मुलगी क्लासला जायला लागली आणि चित्रं उलट बिघडली." "एलिमेंटरी जवळ आली, अजून रंग हातात दिले नाहीत." (एलिमेंटरी म्हणजे शाळकरी मुलांची सरकारी चित्रकला परीक्षा.) एका काकांनी लिहिलंय, "आमच्या वेळी असले क्लास नव्हते, तरी आमचा हात चांगला होता." असेल हो काका. आज जरा मुलांचं बघू.

साहित्य पटकन सांगते. पाव इम्पिरियल कागद, बोर्ड, क्लिपा, एचबी, टूबी आणि फोरबी पेन्सिल, बरा खोडरबर, एक जाड आणि एक बारीक ब्रश. आधी हलक्या हाताने रेखाटन, मग छायाप्रकाश. जलरंगात फिकटाकडून गडदाकडे जायचं. झालं. कोणती कंपनी चांगली, हे कृपया परत विचारू नका.

आता मुद्द्याचं. वस्तुचित्र. समोर स्टुलावर तांब्या आहे. मूल काय करतं? तोंड गोल काढतं, आणि बूड सरळ रेषेत. पट्टीने मारल्यासारखं! का? कारण त्याला माहीत असतं की तांब्या सपाट स्टुलावर ठेवलाय, म्हणजे खालून सपाटच असणार. ते तांब्याकडे बघतच नाही, डोक्यातली माहिती काढतं. आणि तोंडाला दोन्ही बाजूंना टोकं येतात, बदामासारखी. वरून तिरकं बघितलं की गोल तोंड चपटं, म्हणजे लंबवर्तुळ दिसतं, आणि लंबवर्तुळाला टोक नसतं. कुठेच नसतं. लहान वर्गांना शिकवताना दिवसातून किती वेळा हे वाक्य तोंडून निघतं, माझ्या घरच्यांना विचारा.

नाही पटत? काचेचा ग्लास घ्या, अर्धा पाण्याने भरा. आता डोळ्यांच्या बरोबर समोर धरा, अगदी कडेच्या रेषेत. ग्लासाची कड कशी दिसते? सरळ रेघ. आता ग्लास हळूहळू खाली न्या. कड उघडायला लागते. अजून खाली, अजून गोल. आणि त्याच ग्लासात कड, पाण्याची पातळी आणि बूड, तिघांचा गोलावा वेगवेगळा दिसतो. कड सगळ्यात चपटी, पाणी जरा गोल, बूड सगळ्यात गोल. कारण बूड डोळ्यांपासून सगळ्यात खाली आहे. म्हणजे मुलं नेमकं उलटं काढतात, बघा! वर गोल, खाली सपाट.

अजून एका बाजूने सांगते. तांब्या काचेचा आहे असं समजा आणि मागची, न दिसणारी कडसुद्धा हलकी काढा. पूर्ण लंबवर्तुळ फिरवा, मग मागचा भाग खोडा. मधून उभी मध्यरेषा घ्या, डावी-उजवी बाजू तिच्यावरून ताडून बघा. नुसती पुढची अर्धी कमान काढली की ती हमखास वाकडी होते.

परीक्षेतही घोळ इथेच होतो. मुलं वस्तूंभोवती बसतात. कुणी उंच, कुणी ठेंगणा, कुणी सतरंजीवर, कुणी बाकावर. प्रत्येकाचा तांब्या वेगळा दिसणार. शेजाऱ्याचं बघून काढलं की संपलं. आणि मध्येच मांडी बदलून पुढे वाकलात, तर डोळ्यांची पातळी बदलली. वरचा गोल एका तांब्याचा, खालचा दुसऱ्याचा!

आता चित्र बिघडण्याविषयी. आमच्याकडे सातवीतली एक मुलगी आली. सुरुवातीला तिची चित्रं फार देखणी. दोन डोंगर, मधून सूर्य, झोपडी, नदी. बाह्यरेषा काळीभोर, रंग एकसारखा. घरचे खूश. मग वस्तू समोर ठेवून काढायला लावलं, आणि चित्रं घसरली. रेषा थरथरीत, कागद खोडून खोडून मळका, तांब्या एका बाजूला कललेला. आई म्हणाली, "आधीचंच बरं होतं की." मी म्हटलं, थांबा. आता ती बघायला लागली आहे. पाठ केलेला डोंगर चुकायला वावच नसतो ना! हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत ती तांब्याच्या उंचीत रुंदी किती वेळा बसते ते मोजायची. चित्र कच्चं, पण मोजमाप बरोबर. मग एके दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, तांब्या आणि वाटीच्या मधली ही रिकामी जागा त्रिकोणी दिसते, ती पण काढू का?" पोरगी वस्तूंच्या मधली जागा बघत होती! मला तिथे प्रगती दिसली. आईला ती त्यानंतर पडछायेत दिसली. तोवर पडछाया म्हणजे तांब्याखालचा काळा डाग असायचा. आता ती वस्तूजवळ गडद आणि लांब जाईल तशी विरळ व्हायला लागली. रंग त्याच्याही नंतर दिले. तांब्याला पिवळा फासून मोकळं व्हायचं नाही, शेजारच्या निळ्या कापडाची झाक त्याच्या पोटावर दिसते, हे तिने स्वतः शोधलं.

गुणांचं विचारणारे पुष्कळ आहेत. सध्या एलिमेंटरीच्या पुढच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणीला दहावीत 7 वाढीव गुण, ब ला 5, क ला 3. मिळाले तर आनंद आहे. पण त्यासाठी संकल्पचित्राची, म्हणजे खरं तर स्वतः रचायची, नक्षी पाठ करून घेणारे क्लास मी बघितलेत. पन्नास मुलांची एकच फुलपाकळी, रंगसंगतीही एकच. तपासणाऱ्याला डोळे नसतात का?

घरी करायचं एवढंच. तोच तांब्या, तीच जागा, महिन्यातून एकदा. कागदावर तारीख घाला आणि फाइलला लावा. बिघडलेलं चित्र फाडू नका, मागची पानं उलटून बघताना तेच लागतं.

पुढच्या व्हिडिओत कापडाच्या चुण्या. आणि आईवर्गाला एक विनंती: चित्र घरी आलं की बाह्यरेषा काळ्या स्केचपेनने गिरवून देऊ नका. मला लगेच कळतं.