टेहळणी वैमानिकाची साक्ष

ह्यू थॉम्पसन हे नाव तुमच्यापैकी ज्यांनी ऐकलं असेल, त्यांनी ते बहुधा माय लायच्या हत्याकांडाच्या, म्हणजे व्हिएतनाम युद्धात १९६८ साली अमेरिकी सैनिकांनी केलेल्या गावकऱ्यांच्या कत्तलीच्या, संदर्भातच ऐकलं असेल. आपल्याच सैनिकांसमोर हेलिकॉप्टर उतरवून व्हिएतनामी गावकऱ्यांना वाचवणारा अमेरिकन, एवढीच त्याची ओळख उरली आहे. मला आज त्याच्या नोकरीबद्दल बोलायचं आहे. तो कोणतं यंत्र चालवत होता, त्याला कशासाठी पाठवलं होतं आणि त्या सकाळनंतरही तो पंधरा वर्षं त्याच सैन्यात होता, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यानं काय केलं ते नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

जन्म १५ एप्रिल १९४३चा, अटलांटाचा. वाढला जवळच्याच स्टोन माउंटन या गावात. १९६१ ते १९६४ नौदलाच्या बांधकाम तुकडीत काढून तो घरी आला आणि अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा परवाना काढून त्या धंद्याला लागला. १९६६ साली पुन्हा गणवेश चढवला, या वेळी भूदलाचा. टेक्सासमधलं फोर्ट वोल्टर्स आणि अलाबामातलं फोर्ट रकर इथे हेलिकॉप्टर शिकला आणि डिसेंबर १९६७मध्ये व्हिएतनामला पोचला. हुद्दा वॉरंट ऑफिसर. अमेरिकी भूदलाचे बरेचसे हेलिकॉप्टर वैमानिक याच हुद्द्याचे असत, आणि हा हुद्दा लेफ्टनंटच्या खालचा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याच्याकडे ओएच-२३ होतं. पिस्टन इंजिनाचं लहानसं हेलिकॉप्टर, पुढे काचेचा घुमट, आत तीन माणसं. वैमानिकाचा डावा हात कॉलेक्टिव्हवर (वर-खाली नेणारा दांडा), उजवा सायक्लिकवर (पुढे-मागे, बाजूला वळवणारा दांडा), पाय पेडलांवर; म्हणजे बंदूक दुसऱ्यांनी सांभाळायची. ती माणसं म्हणजे क्रू चीफ (हेलिकॉप्टरची देखभाल पाहणारा) ग्लेन अँड्रिओटा आणि गनर लॉरेन्स कोलबर्न, दोघंही विशीच्या आसपासची पोरं. काम टेहळणीचं. झाडांच्या शेंड्यांना लागून उडायचं, दबा धरून बसलेला शत्रू हुडकायचा. तो सापडत नसेल तर त्यानं आपल्यावर गोळी झाडून स्वतःची जागा उघड करावी म्हणून त्याच्यासमोरून जायचं. वर दोन ह्यूई गनशिप, म्हणजे मोठी सशस्त्र हेलिकॉप्टरं, तयार असत. अशा उड्डाणात खालच्या माणसाचा चेहरा दिसतो, त्याच्या हातात बंदूक आहे की टोपली हे कळतं. त्या दिवशी वरिष्ठांची हेलिकॉप्टरंही त्याच आकाशात होती, पण बरीच वर.

१६ मार्च १९६८. क्वांग न्गाई प्रांतातल्या सोन मी गावाच्या माय लाय वस्तीत अमेरिकी पायदळाची चार्ली कंपनी सकाळी साडेसातच्या सुमारास उतरली. तिथे शत्रूची मोठी तुकडी असल्याची खबर होती. थॉम्पसन घिरट्या घालत होता, आणि त्याच्यावर गोळीबार होईना. टेहळणी वैमानिकाच्या लेखी हीच पहिली महत्त्वाची नोंद. खाली मात्र प्रेतं वाढत होती: बायका, म्हातारे, लहान मुलं. जखमी दिसले तिथे त्यानं हिरव्या धुराच्या नळकांड्या टाकल्या, म्हणजे आपल्या सैनिकांनी तिथे जाऊन औषधोपचार करावेत. तो इंधन भरून परतला तर तीच माणसं मेलेली. एका जखमी बाईला एका कॅप्टननं पायानं डिवचलं आणि गोळी घातली, हे त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी स्वतः पाहिलं.

मग दिसला तो पाण्याचा पाट, माणसांनी भरलेला, काही अजून हलत होती. थॉम्पसन उतरला. तिथल्या सार्जंटला म्हणाला, यांना मदत करता येईल का? उत्तराचा मतलब असा, की गोळी घालून त्यांची यातनांतून सुटका करणं एवढीच मदत आता शक्य आहे. चार्ली कंपनीतला लेफ्टनंट विल्यम कॅली आला आणि हे माझं काम आहे, यात पडू नकोस, या अर्थाचं बोलला. हुद्दा कॅलीचा वरचा. थॉम्पसन परत उडाला आणि त्याच क्षणी अँड्रिओटानं पाहिलं, सार्जंट पाटात गोळ्या झाडत होता.

यानंतरचं ते प्रसिद्ध उतरणं. दहाएक गावकरी एका खंदकाकडे पळत होते आणि मागे अमेरिकी सैनिक. थॉम्पसननं हेलिकॉप्टर दोघांच्या मध्ये उतरवलं. उतरताना कोलबर्न आणि अँड्रिओटाला सांगितलं, हे लोक त्या गावकऱ्यांवर गोळ्या झाडायला लागले तर तुम्ही यांच्यावर झाडा. दोघांनी ऐकलं. आपल्याच सैनिकांकडे बंदुका रोखण्याची पाळी या पोरांवर यावी, हे मला फार भयंकर वाटतं. आणि त्यांनी डगमगू नये, याचंही मोल थॉम्पसनच्या धाडसाहून कमी मानायला मी तयार नाही. तिथला लेफ्टनंट म्हणाला, खंदकातून यांना बाहेर काढायचं तर हातबॉम्बच टाकावा लागेल. थॉम्पसन म्हणाला, मला याहून बरं जमेल, तुझी माणसं इथेच थांबव.

त्यानं एकेकाला बाहेर बोलावलं. आता अडचण वैमानिकाची: आपल्या यंत्रात इतकी माणसं बसणार नाहीत. त्यानं वरच्या गनशिपला रेडिओवर खाली यायला सांगितलं. लढाईच्या मैदानात गनशिप उतरवून त्यात नागरिक भरायचे, हे कोणत्याही पद्धतीत बसत नव्हतं. तरी डॅनी मिलियन्स आणि ब्रायन लिव्हिंगस्टन हे वैमानिक त्याच्या शब्दावर आले आणि ती माणसं सुरक्षित ठिकाणी पोचली. मग थॉम्पसन पुन्हा पाटावरून गेला. काहीतरी हललं. अँड्रिओटा प्रेतांच्या त्या राशीत उतरला आणि रक्तानं माखलेलं, पण जिवंत मूल घेऊन वर आला. त्याला त्यांनी क्वांग न्गाईच्या इस्पितळात नेलं.

लँडिंग झोन डॉटी या तळावर आल्यावर थॉम्पसननं पाहिलेलं सगळं वरिष्ठांना सांगितलं, अतिशय संतापून. बातमी त्या मोहिमेचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल फ्रँक बार्कर याच्यापर्यंत गेली आणि रेडिओवरून हुकूम सुटला: मारणं थांबवा. माझ्या दृष्टीनं त्या दिवसाचं सर्वांत मोठं काम हे आहे. हेलिकॉप्टर मध्ये उतरवून दहाएक माणसं वाचली. अहवाल दिल्यानं पुढची कत्तल अडली. आणि अहवाल देणं ही टेहळणी वैमानिकाची रोजची जबाबदारी. त्या सकाळी मेलेल्यांचा आकडा व्हिएतनामच्या मोजणीनं ५०४, अमेरिकी चौकशीत ३४७.

सैन्यानं पुढे काय केलं? थॉम्पसनला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे उड्डाणातल्या शौर्याचं पदक दिलं. मानपत्रात लिहिलं, की त्यानं जोरदार गोळीबाराच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाला वाचवलं. जणू तिथे लढाई चालू होती. त्यानं ते पदक फेकून दिलं. अँड्रिओटा तीन आठवड्यांतच, ८ एप्रिलला, लढाईत मारला गेला. थॉम्पसन उडतच राहिला, अनेकदा गोळ्यांच्या माऱ्यात सापडला, आणि शेवटी हेलिकॉप्टर कोसळून त्याच्या पाठीचं हाड मोडलं.

१९६९च्या नोव्हेंबरात प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. त्यानं साक्षी दिल्या, ओळख परेडमध्ये कॅलीला ओळखलं. संसदेच्या सैनिकी समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांना शिक्षेला पात्र वाटला तो थॉम्पसन, कारण त्यानं स्वकीयांवर बंदुका रोखायला लावल्या. धमक्यांचे फोन आले, दारात मेलेली जनावरं टाकली गेली. दोषी ठरला एकटा कॅली. जन्मठेप झाली आणि तीही काही वर्षांच्या नजरकैदेवर संपली.

थॉम्पसननं सैन्य सोडलं नाही. फोर्ट रकरला तो नव्या वैमानिकांना शिकवत होता. ज्या संस्थेनं त्याला वाळीत टाकलं, तिचीच पुढची पिढी त्यानं घडवावी, हे मला पुनःपुन्हा थांबवतं. १९८३ला निवृत्त झाल्यावर मेक्सिकोच्या आखातात तेलविहिरींवर हेलिकॉप्टर चालवलं आणि नंतर लुइझियानात माजी सैनिकांचा सल्लागार झाला. दारू, घटस्फोट, रात्रीची भयंकर स्वप्नं हे सगळं त्याच्या वाट्याला आलं.

क्लेमसन विद्यापीठाचे डेव्हिड एगन यांनी पत्रांवर पत्रं लिहून त्याचा पाठपुरावा केला, तेव्हा ६ मार्च १९९८ रोजी सोल्जर्स मेडल मिळालं. पेंटॅगॉनमध्ये गुपचूप समारंभ त्यानं नाकारला. साथीदारांनाही पदक हवं आणि कार्यक्रम वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकापाशी हवा, असा आग्रह धरला. युद्धात मेलेल्यांची नावं असलेल्या त्या स्मारकाच्या भिंतीवर अँड्रिओटाचं नाव कोरलेलं आहे. आणि हे पदक कशासाठी असतं? शत्रूशी लढाई नसताना दाखवलेल्या शौर्यासाठी. म्हणजे तीस वर्षांनी सैन्यानं लेखी कबूल केलं, की त्या सकाळी तिथे शत्रू नव्हता. थॉम्पसननं डॉटीवर उतरून पहिल्या तासातच हे सांगितलं होतं.

त्याच महिन्यात तो आणि कोलबर्न माय लायला गेले. वाचलेल्यांपैकी एका बाईनं विचारलं, ज्यांनी मारलं ते तुमच्याबरोबर का नाही आले? आले असते तर आम्ही त्यांना माफ केलं असतं. आपल्याला इतका मोठेपणा जमणार नाही, असं तो पुढे मोकळेपणानं सांगत असे. सैनिकी शिक्षणसंस्थांतल्या मुलांपुढे तो बोलायला जाई, नौदल अकादमीतही गेला, आणि बेकायदा हुकूम आला तर काय करायचं याच्या धड्यात त्याची ती सकाळ आज शिकवली जाते. ६ जानेवारी २००६ रोजी तो कॅन्सरनं गेला. कोलबर्न त्याच्या जवळ होता.