भुताची साक्ष

१९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. नॉक्स कॅथलिक धर्मगुरू होते आणि स्वतः रहस्यकथा लिहीत. दुसरा नियम असा, की कथेत अतिमानवी शक्तींना जागा नाही. तिसरा असा, की गुप्त खोली किंवा गुप्त वाट एकापेक्षा जास्त असू नये. आज मी ज्या गॉथिक कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहे, त्यांत जुना वाडा असतो, त्यात प्रेम जुळतं, भुताचा वावर असतो आणि कुठेतरी एक खून दडलेला असतो. नॉक्स यांचे हे दोन्ही नियम तिथे सर्रास मोडले जातात. म्हणून कडवे रहस्यकथाप्रेमी त्यांच्याकडे संशयाने बघतात. भूत आलं म्हणजे लेखकाला पुरावा जुळवता आला नाही, असं त्यांना वाटतं.

मला मात्र वाटतं, की चांगल्या गॉथिक कादंबरीत भूत पुरावा शोधण्याचं काम सोपं करत नाही, अवघड करतं. भुताला खून कोणी केला ते माहीत असतं, पण त्याची साक्ष कोणत्याही न्यायालयात चालत नाही. ती एखाद्याच माणसाला ऐकू येते, आणि ते माणूस बहुतेक वेळा प्रेमात पडलेलं असतं. ज्याच्यावर जीव जडला आहे त्याच्यावर विश्वास ठेवायचा, की मेलेल्यावर? या प्रकारातल्या प्रेमकथेचा आणि खुनाच्या तपासाचा पीळ एकच आहे, तो हा.

याचं मूळ शेक्सपिअरमध्ये आहे. हॅम्लेटला बापाचं भूत येऊन सांगतं, की माझा खून झाला आणि तो माझ्या भावाने केला. साक्ष पूर्ण आहे, आरोपीचं नावसुद्धा कळलेलं आहे. तरी हॅम्लेट थांबतो. हे भूत सैतानाचं सोंग असेल तर, ही शंका त्याला खाते. मग तो राजापुढे तसाच प्रसंग नटांकडून करवून घेतो आणि राजाचा चेहरा न्याहाळतो. म्हणजे भुताने सांगितलेलं माणसाच्या पातळीवर पुन्हा सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे हे नाटक १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आलं, आणि ते आणलं गोपाळ गणेश आगरकरांनी. बुद्धिवादाचा एवढा खंदा पुरस्कर्ता भुतापासून सुरू होणाऱ्या नाटकावर इतकी मेहनत घेतो, याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्या नाटकात भुताचंही म्हणणं तपासून घेतलं जातं.

इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने आपल्या कादंबरीसाठी शेक्सपिअरचाच आधार सांगितला. त्याची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ १७६४च्या डिसेंबरात निघाली तेव्हा त्याने आपलं नावही घातलं नव्हतं. जुन्या इटालियन ग्रंथाचं हे भाषांतर आहे, अशी बतावणी केली होती. पुस्तक खपलं, तेव्हा पुढच्या आवृत्तीत त्याने लेखक म्हणून पुढे येऊन त्याला ‘गॉथिक कथा’ म्हटलं. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलावर आकाशातून एक राक्षसी शिरस्त्राण कोसळतं आणि तो चिरडून मरतो, अशी सुरुवात. पण त्या शिरस्त्राणाखाली एक साधी फौजदारी भानगड आहे. आताच्या मालकाच्या आजोबाने मूळ मालकाला विष देऊन मारलं आणि खोटं मृत्युपत्र करून गढी बळकावली. खून, बनावट कागद आणि बळकावलेलं घर. पुढच्या सगळ्या गॉथिक कादंबऱ्यांचं भांडवल हेच. कादंबरी म्हणून मात्र ती मला कच्ची वाटते, कारण तिथे सगळा न्याय भूतच करून टाकतं. माणसांना शोधायला काही उरत नाही.

तीस वर्षांनी अ‍ॅन रॅडक्लिफने उलटी वाट धरली. १७९४च्या ‘द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो’साठी तिला पाचशे पौंड मिळाले, त्या काळाच्या मानाने प्रचंड रक्कम. इटलीतल्या डोंगरांची पानंच्या पानं वर्णनं करणाऱ्या या बाईने तोवर इटली पाहिलेलीही नव्हती. तिची नायिका एमिली एका काळ्या पडद्यामागे काहीतरी बघते आणि बेशुद्ध पडते. काय बघितलं, ते लेखिका शेकडो पानं सांगत नाही. शेवटी कळतं, की तो मेणाचा पुतळा होता. प्रत्येक भुताचा खुलासा ती अशीच करते. अनेक वाचकांना हा विरस वाटतो. मला वाटत नाही, कारण एमिलीला खरा धोका पडद्यामागून कधीच नव्हता. तिच्या मालमत्तेवर डोळा ठेवून असलेला मोंतोनी तिच्याच आत्याचा नवरा आहे. भुताला घाबरण्यात वेळ गेला आणि जिवंत माणूस कागदावर सही मागायला समोर उभा राहिला.

हा सहीचा मुद्दा वाचताना नीट धरून ठेवायला हवा. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला वेगळं कायदेशीर अस्तित्व जवळजवळ नव्हतं. तिची रोकड, दागिने, मिळकत नवऱ्याची होई. यात फरक पडायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे या कादंबऱ्यांतली नायिका ‘हा माणूस चांगला आहे का?’ असं विचारते, तेव्हा ती हळवी होऊन विचारत नसते. उत्तर चुकलं तर तिचं घर, पैसा आणि कधीकधी जीवसुद्धा जाणार असतो.

हे सगळ्यांत धारदारपणे विल्की कॉलिन्सच्या ‘द वूमन इन व्हाइट’मध्ये दिसतं. ती १८५९ ते १८६० या काळात डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः येत होती. चित्रकला शिकवणारा वॉल्टर हार्टराइट रात्री लंडनच्या वाटेवर एकटा चाललेला असतो. मागून खांद्यावर हात पडतो. वळून बघतो तर नखशिखांत पांढऱ्या कपड्यातली बाई. भूतकथा सुरू झाली असं आपल्याला वाटतं. पुढे वॉल्टर जिच्या प्रेमात पडतो ती लॉरा या बाईसारखीच दिसते. लॉराचं लग्न सर पर्सिव्हलशी लागतं. तिच्या नावावर वीस हजार पौंड आहेत, आणि ती निपुत्रिक गेली तर ते नवऱ्याला मिळावेत अशी तरतूद लग्नाच्या करारात आहे.

इथून पुढे कथानक सांगितल्याशिवाय मला बोलता येणार नाही, तेव्हा ज्यांनी वाचलेली नाही त्यांनी क्षमा करावी. पांढऱ्या कपड्यातली बाई आजारी होऊन मरते. तिला लॉरा म्हणून पुरलं जातं, आणि जिवंत लॉराला त्या बाईच्या नावाने वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं जातं. वॉल्टर परदेशातून येतो, लॉराच्या थडग्यापाशी जातो. तिथे एक बाई बुरखा वर करते, आणि स्वतःचं नाव कोरलेल्या दगडाशेजारी लॉरा उभी असते.

मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी अंगावर काटा येतो. भूत नाही, जादू नाही. कायद्याने एका जिवंत बाईला मृत ठरवलं आहे. ती ‘मी लॉरा’ म्हणते, तर तिच्या सख्ख्या काकालाही ते पटत नाही. तिची साक्ष भुताच्या साक्षीइतकीच निरुपयोगी झाली आहे. वॉल्टर आणि लॉराची बहीण मॅरियन यांचा मात्र तिच्यावर विश्वास आहे. पण नुसत्या विश्वासावर जगाकडून तिचं नाव परत मिळत नाही. मग वॉल्टर तारखा शोधायला लागतो. मृत्यूच्या दाखल्यावर कोणती तारीख आहे? लॉरा गावाहून लंडनला कोणत्या दिवशी निघाली? निघण्याआधीच मृत्यूची नोंद झालेली आहे, एवढं दाखवता आलं की सगळा बनाव कोसळतो. कादंबरीची बांधणीही तशीच आहे. कोर्टात एकेक साक्षीदार उभा राहावा, तसं एकेक पात्र आपल्याला माहीत असलेलं तेवढंच सांगून खाली बसतं. ही कादंबरी वाचताना जवळ कागद ठेवा आणि तारखा टिपा. प्रेमकथा वाचताना तारखा कसल्या टिपायच्या, असं वाटेल. पण वॉल्टरचं सगळं प्रेम त्या तारखांच्या शोधातच आहे.

आता ‘रेबेका’. डॅफ्नी द्यू मॉरियेची ही कादंबरी १९३८ साली आली. नवरा लष्करात, त्याची नेमणूक इजिप्तमध्ये, आणि अलेक्झांड्रियाच्या उकाड्यात बसून तिने कॉर्नवॉलच्या ओल्या, धुकट किनाऱ्यावरच्या मॅन्डर्ली या घराची कथा लिहायला घेतली. मॅक्सिम या बिजवराशी लग्न करून त्या घरात आलेल्या तरुण मुलीला लेखिकेने नावही दिलेलं नाही. नाव आहे ते मेलेल्या पहिल्या बायकोला. भूत म्हणून रेबेका एकदाही दिसत नाही. पण रुमालावर तिची अक्षरं, लिहायच्या मेजावर तिची शिस्त, आणि कारभारीण मिसेस डॅनव्हर्स तर तिचीच जिवंत जिव्हा. या प्रकारच्या कादंबऱ्यांत नोकरमाणसांकडे बारीक लक्ष द्यावं, असं मी नेहमी सांगते. कोणत्या खोलीत काय घडलं ते मालकाच्या आधी त्यांना ठाऊक असतं.

मग समुद्रतळाशी रेबेकाची होडी सापडते, आत प्रेत असतं, आणि होडीला आतून भोकं पाडलेली असतात. मॅक्सिम बायकोजवळ कबूल करतो, की मी रेबेकाला गोळी घातली. या क्षणी ती मुलगी काय करते बघा. किंकाळी फोडत नाही, पळत नाही. तिच्या मनात पहिली गोष्ट येते ती ही, की याचं रेबेकावर प्रेम नव्हतं! तिला हायसं वाटतं. आणि मित्रहो, आपल्यालाही हायसं वाटतं. चौकशी सुरू झाल्यावर हा माणूस सुटावा म्हणून आपण पान उलटत राहतो. खुनाचं रहस्य उलगडलं आणि त्याच क्षणी आपण खुन्याच्या बाजूला जाऊन बसलो. हिचकॉकने १९४० साली चित्रपट केला, तेव्हा हॉलिवूडच्या आचारसंहितेत बायकोचा खून करून सुटलेला नायक बसत नव्हता. म्हणून तिथे रेबेकाचा मृत्यू अपघाती झाला. त्या एका बदलाने चित्रपटातला नवरा निर्दोष झाला आणि प्रेक्षकही. पुस्तकात ती सवलत नाही. रेबेका वाईट होती हे आपल्याला कोण सांगतं? बहुतांशी तिला मारणारा माणूस. तिची स्वतःची साक्ष कुठेच नोंदलेली नाही. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा हे मनात ठेवून वाचा. तीच कादंबरी वेगळी दिसेल.

मराठीत हा संगम का रुजला नाही, असं मला कोणी विचारतं. १८६१ची हळब्यांची ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आठवा. अद्भुत, संकटं, दुष्टाचे डाव, ताटातूट झालेलं जोडपं हे सारं तिथे एकत्र होतं. पुढे वाटा फुटल्या. भय नारायण धारपांकडे गेलं, गुन्हा बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडकडे, आणि प्रेम तिसऱ्याच कपाटात. ग्रंथालयात आजही ती तीन कपाटं वेगळी असतात. याची मला मनापासून हळहळ वाटते.

हे तिन्ही एकत्र आलेलं मी पाहिलेलं उत्तम भारतीय उदाहरण पुस्तकात नाही, पडद्यावर आहे. बिमल रॉय यांचा १९५८चा ‘मधुमती’, कथा ऋत्विक घटक यांची. त्यातलं पहाडी धुकं पुष्कळसं आपलं आहे. नैनितालकडे केलेलं बरंच चित्रण वाया गेल्यावर इगतपुरीच्या परिसरात खोटे पाइन उभे करून ते पुन्हा केलं होतं. राजा उग्रनारायणाच्या हवेलीत मधुमतीचा मृत्यू झाला आहे. तिच्यावर प्रेम करणाऱ्या आनंदजवळ पुरावा नाही. त्याला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी माधवी भेटते, आणि दोघं ठरवतात, की माधवीने मधुमतीचं भूत होऊन राजासमोर उभं राहायचं, पोलिसांनी बाहेर दबा धरायचा. हॅम्लेटचीच युक्ती. राजा घाबरून सगळं ओकतो आणि पकडला जातो. मग आनंदच्या लक्षात येतं, की प्रेत कुठे पुरलं वगैरे जे प्रश्न हिने विचारले, ते आपल्यालाही ठाऊक नव्हते. तेवढ्यात खरी माधवी धापा टाकत आत येते. वाटेत मोटार बंद पडली होती.

मला यातली कायद्याची बाजू फार आवडते. त्या वेळी लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्यातलं २५वं कलम सांगतं, की पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. उग्रनारायण पोलिसांपुढे कबुली देतच नाही. तो ती देतो मधुमतीला. भूत इथे साक्ष देत नाही, उलटतपासणी घेतं. अतिमानवी शक्ती आणूनही तपासाची शिस्त कशी पाळता येते, हे नॉक्स यांना दाखवावंसं वाटतं.

सुरुवात कुठून करावी, असं विचाराल तर मी शेरिडन ले फानूची १८६४ची ‘अंकल सायलस’ हातात देईन. मॉड ही वारस मुलगी, तिचा काका, आणि त्याच्या घरातली एक खोली. तिथे पूर्वी आतून बंद दाराआड एक माणूस मेला होता आणि काकावर संशय होता. त्या खोलीचं पुढे काय होतं, हे मी सांगणार नाही. एवढंच करा, मॉडच्या वडिलांच्या मृत्युपत्राचं प्रकरण येईल ते घाईने उरकू नका. मुलगी सज्ञान होण्याआधी मेली तर इस्टेट कोणाला, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.