शरणपूरची मुलं

[दृश्य : शरणपूर रोड, संध्याकाळची वेळ. सिग्नलला थांबलेल्या दुचाकी. महापालिकेचं राजीव गांधी भवन, तिबेटियन मार्केटमधली गर्दी.]

निवेदन :
नाशिककराला शरणपूर म्हटलं की रस्ताच आठवतो. महापालिकेत काम निघालं की इकडे यायचं, थंडी पडली की स्वेटर घ्यायला इकडे यायचं. या रस्त्याला ज्या वस्तीचं नाव आहे, ती शहराने कधीच पोटात घेतली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकच्या वेशीबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बाप्तिस्मा घेतला की त्या काळी घर सुटायचं, जात सुटायची, पाणवठाही सुटायचा. अशा माणसांना इथे राहायला छप्पर आणि हाताला काम मिळे. नाशिकच्या ख्रिस्ती इतिहासाचा विषय निघाला की आपण लगेच जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांकडे वळतो, आणि ते बरोबरच आहे. पण ही फिल्म त्यांच्याबद्दल नाही. ती शरणपूरला वाढलेल्या आफ्रिकन मुलांबद्दल आहे.

[दृश्य : नकाशा. न्यासा सरोवर, झांजिबार, अरबी समुद्र, मुंबई, नाशिक.]

निवेदन :
पूर्व आफ्रिकेत गावांवर धाडी पडत. माणसं साखळीत बांधून किनाऱ्यापर्यंत चालवत आणायची, झांजिबारच्या बाजारात विकायची आणि गलबतांत कोंबून पुढे पाठवायची, असा तो धंदा होता. ब्रिटिश आरमाराच्या हाती यातलं एखादं गलबत लागलं तर आतली माणसं सुटत. पण सुटून जायचं कुठे? आई-बाप कुठे आहेत हे मुलांना ठाऊक नसायचं, आणि परत पाठवावं तर पुन्हा पकडले जाण्याची खात्रीच. म्हणून त्यांना मुंबईला आणत. 1860 च्या दशकात त्यांतली बरीच मुलं शरणपूरच्या आश्रमात आली. वाचायला, लिहायला शिकली. सुतारकाम, लोहारकाम शिकली. प्रभूचं नाव घ्यायला शिकली. परदेशी कागदपत्रांत त्यांना ‘नाशिक बॉइज’ म्हणू लागले.

1865 मध्ये स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मोहिमेसाठी माणसं जमवत होते. शरणपूरचे 9 तरुण त्यांच्यासोबत निघाले. ज्या मुलखातून आपल्याला बांधून नेलं, त्याच मुलखात आता पायी शिरायचं होतं. त्या वाटांवर गुलामांचे व्यापारी अजून फिरत होते. यातल्या काहींनी वाटेतच साथ सोडली. लिव्हिंग्स्टन यांनी त्यांच्याबद्दल तक्रारीच्या सुरात लिहून ठेवलंय. मला मात्र त्या मुलांना नावं ठेववत नाहीत. एकदा विकल्या गेलेल्या माणसाची भीती बाहेरच्या माणसाला मोजता येत नाही.

आणि तरी काही टिकले. एडवर्ड गार्डनर शेवटपर्यंत होता.

[दृश्य : दलदल, पाऊस, गवती झोपड्या. रेखाचित्रं.]

निवेदन :
1872 मध्ये नव्या दमाची एक तुकडी लिव्हिंग्स्टनकडे पोचली. तीत शरणपूरला शिकलेले आणखी तरुण होते. जेकब वेनराइट, कॅरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन ही त्यांतली नावं. पुढच्याच वर्षी, 1873 च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, आजच्या झांबियातल्या चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात लिव्हिंग्स्टन वारले. पहाटे ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत सापडले.

त्या सकाळी या माणसांची नोकरी संपली होती. मालक मेला. पगार देणारा आता कुणी नाही. किनारा दीड हजार किलोमीटरहून लांब. तिथेच खड्डा खणून देह पुरला असता, तर कुणी दोष दिला नसता. चितांबोने स्वतःच तसं सुचवलं. त्या भागात प्रेताची मोठी दहशत होती. प्रेत घेऊन आलेल्या काफिल्यावर हल्ला होईल, दंड वसूल केला जाईल, हे सगळ्यांना कळत होतं.

सुसी आणि चुमा हे दोघे त्या काफिल्याचे पुढारी. ते शरणपूरचे नव्हेत, पण निर्णय त्यांच्या पुढाकाराने झाला, हे सांगायलाच हवं. देह त्यांच्या माणसांत पोचवायचा, असं ठरलं. फरारने देह टिकवण्याच्या कामात हात लावला. काळीज आणि आतडी झाडाखाली पुरली, तेव्हा प्रार्थनापुस्तकातून अंत्यविधी वाचला तो जेकबने. त्याच झाडाच्या खोडावर त्याने नाव आणि तारीख कोरली. एकेका वस्तूची यादी केली. मीठ लावून, उन्हात वाळवून, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून देह खांद्यावर घेतला, आणि काफिला निघाला.

पुढचे नऊ महिने ते चालत होते.

[दृश्य : चालणारी पावलं, लांबून. आवाज फक्त पायांचा.]

निवेदन :
उपासनेत ‘भिऊ नका’ हे वचन आपण किती सहज वाचून जातो. त्याच पवित्र शास्त्रात गेथशेमाने बागेतला प्रभू आहे. घामाघूम झालेला, हा प्याला टळू दे म्हणणारा. प्रकटीकरणात स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. तुरुंग टळेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट, तुमच्यातल्या काहींना तुरुंगात टाकतील, हे आधीच सांगून ठेवलंय, आणि मग मरणापर्यंत विश्वासू राहा म्हटलंय. चितांबोच्या गावाहून निघालेले लोक निर्भय होते, असं म्हणणं म्हणजे त्यांचा अर्धा मोठेपणा काढून घेणं.

उन्यान्येंबेला, म्हणजे आजच्या टाबोराजवळ, त्यांची गाठ इंग्रज अधिकारी कॅमेरॉन यांच्याशी पडली. कॅमेरॉन म्हणाले, देह इथेच पुरा. गोऱ्या साहेबाचा सल्ला, त्या काळातला. यांनी ऐकला नाही. पुढे एका गावाने वाट अडवली, प्रेत इथून न्यायचं नाही म्हणून. तेव्हा यांनी कणसांच्या धाटांची एक मोळी प्रेतासारखी बांधली आणि गंभीर चेहऱ्याने माघारी पाठवली, जणू देह परत चाललाय. खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधला आणि व्यापाराचा माल म्हणून पुढे काढला. पुरुषभर लांबीचं ते ओझं असं आखडून बांधायचं कसब वेगळंच. याला खोटेपणा म्हणायचं का, हा प्रश्न एखाद्या बायबल वर्गात रंगेल. गठ्ठा खांद्यावर असलेल्यांना तो पडला नसावा.

फेब्रुवारी 1874 मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्याला लागले. ते वाटेत असतानाच झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला होता. या मुलांपैकी कितीजण एकेकाळी त्याच बाजारासाठी चालवले गेले असतील, याची नोंद कुणी ठेवली नाही.

किनाऱ्यावर बहुतेकांचा हिशेब चुकता करून त्यांना मोकळं केलं. लंडनला नेलं ते एकट्या जेकबला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांमध्ये शरणपूरचा जेकब वेनराइट होता.

मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला पुष्कळ जगला. 1935 मध्ये वारला. त्याच वर्षी आपल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. इतकी जवळची आहे ही गोष्ट.

[दृश्य : मोंबासाचा किनारा, फ्रेअर टाउन. राबाईच्या टेकड्या.]

निवेदन :
1874 च्या अखेरीस प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेअर टाउन वसवलं. तिथे हाताशी धरायला माणसं होती ती नाशिकला तयार झालेली. त्यांतला विल्यम जोन्स तर त्याआधी दहा वर्षं तिकडे पोचला होता.

जोन्सची गोष्ट फार कमी सांगितली जाते. 1885 मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला आणि इश्माएल सेमलर या दुसऱ्या नाशिककराला डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेला लागले, जोन्स सोबत. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेले, बाकीचा काफिला जोन्सच्या हवाली केला आणि इथेच थांब म्हणाले. जोन्स थांबला. ऑक्टोबरच्या अखेरीस बुगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकमावरून आजच्या युगांडातल्या बुसोगात हॅनिंग्टन आणि त्यांच्या बहुतेक सोबत्यांना ठार मारलं. जीव वाचवून आलेल्या काहींनी ही बातमी जोन्सला दिली. आता पाठलाग होईल का, वाटेतले लोक काय करतील, कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याने काफिला मोडू दिला नाही. 1886 च्या सुरुवातीला तो मोंबासाजवळच्या राबाईला परतला, तेव्हा पुढे निळं निशाण होतं आणि त्यावर शमुवेलाच्या पुस्तकातला एकच शब्द, ईखाबोद. वैभव गेलं. ना विजयाचं गाणं, ना काही.

राबाईला जोन्सच्या मंडळीत पळून आलेले गुलाम आसऱ्याला येत. त्यांना ठेवून घेणं मिशनच्या वरिष्ठांना अडचणीचं होतं, कारण किनाऱ्यावरचे मालक शस्त्रं घेऊन चालून येण्याच्या धमक्या देत होते. लोक येत राहिले, राहत गेले. 1888 मध्ये प्रकरण इतकं तापलं की इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झी यांना मालकांशी रकमेची बोलणी करावी लागली. 1 जानेवारी 1889 रोजी राबाईत 1400 हून अधिक माणसांच्या हाती सुटकेचे कागद पडले. नाशिकला लिहायला शिकलेला, स्वतः एकेकाळी गुलाम असलेला माणूस तिथला पाळक होता.