पोटातला दुतोंड्या

मगाशी चहा घेताना एका काकांनी विचारलं, "सर, मिसळीनं अल्सर होतो ना?" काका, मिसळीनं जळजळ होईल, पण अल्सरचं खापर बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाच्या बॅक्टेरियावर नाहीतर पेनकिलरच्या गोळ्यांवर फोडायचं. १९८४ ला ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शलनी हा बॅक्टेरिया स्वतः पिऊन बघितला, आजारी पडले, आणि २००५ ला रॉबिन वॉरनसोबत नोबेल मिळालं. भारी किस्सा आहे, पण आज तो नको. मला सांगायचंय की हा प्राणी जठरातल्या ॲसिडमध्ये जगतो कसा.

नाशिकला गोदेला पूर आला की आपण काय बघतो? दुतोंड्या मारुती, नदीपात्रातली दोन तोंडांची मूर्ती. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं, आणि तेवढ्यावर सराफ बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात, कुणी ऑर्डर काढायची वाट बघत नाही. पायलोरीच्या आतल्या पडद्यात असाच एक मारुती आहे, आर्सएस नावाचं प्रोटीन. बाहेर ॲसिड वाढलं की ते आर्सआर नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला एक फॉस्फेट चिकटवतं, आर्सआर जाऊन डीएनएवर युरिएजच्या जीनच्या अलीकडे बसतं आणि तो जीन जोरात चालू होतो. युरिएज हे एन्झाइम युरिया फोडून अमोनिया करतं, अमोनिया ॲसिड मारतो, झालं.

पण युरिएजला निकेल लागतं, निकेलशिवाय ते नुसतं शोभेचं. म्हणून निकआर नावाचं आणखी एक प्रोटीन, त्याला निकेल लागलं की ते युरिएजचा जीन वाढवतं आणि त्याच वेळी निकेल आत ओढणाऱ्या पंपाचा जीन दाबतं, कारण जास्त निकेल म्हणजे विष. एकच माणूस एका हातानं नळ सोडतो, दुसऱ्यानं बंद करतो, असं समजा.

आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय बॅक्टेरियाकडे असे जीन चालू-बंद करणारे नियंत्रक तीनशेच्या आसपास आहेत, पायलोरीकडे जेमतेम डझन-दीड डझन, आणि जीन साधारण सोळाशे. माणसं कमी, म्हणून एकेकाला दोन-दोन कामं!

माझा आवडता नियंत्रक म्हणजे फर नावाचं प्रोटीन, कारण खरा दुतोंड्या तोच. पेशीत लोह भरपूर असलं की ते फरला चिकटतं, मग फर लोह आत आणणाऱ्या जीनवर बसून ते बंद ठेवतो. हे बऱ्याच बॅक्टेरियांत आहे. गंमत पुढं आहे. लोह संपलं की तोच फर मोकळ्या हातानं फेरिटिनच्या जीनवर जाऊन बसतो आणि तो बंद ठेवतो, फेरिटिन म्हणजे लोह साठवायचं कोठार, आणि घरात दाणा नाही तर कोठार कशाला बांधायचं. आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं की धातू सुटला की असलं प्रोटीन डीएनएवरून उठतं, म्हणजे ड्युटी संपली. पायलोरीतला फर उठतो खरा, पण घरी जात नाही, पलीकडच्या दारावर जाऊन बसतो.