वाटेचा चाकर

[दृश्य : केंब्रिजशरचा सपाट मुलूख. सरळ रेषेत गेलेला अरुंद कालवा, काठावर उंच गवत.]

निवेदन :

इंग्लंडच्या पूर्व भागातला हा सखल, पाणथळ प्रदेश. इथल्या गावांना मोठ्या नदीशी जोडणारे असे कालवे जुन्या काळी माणसांनी खोदले. या कालव्याचं नाव रीच लोड. जवळच बॉटिशम लोड आहे, विकेन लोड आहे. इथला 'लोड' म्हणजे ओझं नव्हे. इथे लोड म्हणजे वाट, होड्या न्यायची पाण्याची वाट.

हजार-अकराशे वर्षांपूर्वी इंग्रज माणूस हा शब्द 'लाड' असा उच्चारायचा. आपल्या लाडाकोडाशी त्याचं काही नातं नाही. वाट, प्रवास, वाहून नेणं, एवढं सगळं त्या एका शब्दात येई. 'लीड', म्हणजे पुढे होऊन नेणं, हे क्रियापद त्याच्याच घरातलं. वाहून नेण्याकडे झुकला तो 'लोड' पुढे ओझं झाला. आणि कॉर्नवॉलच्या कथलाच्या खाणीत खडकात सापडणाऱ्या धातूच्या शिरेलाही लोडच म्हणतात. ती जाईल तिकडे खाणकामगार खणत जातो.

[दृश्य : रात्रीचं आकाश, मध्ये ध्रुवतारा.]

ध्रुवतारा झाला लोडस्टार, म्हणजे वाटेचा तारा. लोहचुंबक झाला लोडस्टोन, वाटेचा दगड. हे जोडशब्द नंतरचे. चुंबकाने भारलेली सुई ढगाळ हवेत खलाशांना उत्तर दिशा दाखवते, हे अलेक्झांडर नेकॅम या इंग्रज पंडिताने 12व्या शतकाच्या अखेरीस लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. युरोपातली ही सगळ्यात जुनी नोंद मानतात. बंदराचे खाचखळगे माहीत असलेला वाटाड्या म्हणजे लोड्समन. डोव्हरला अशा वाटाड्यांचा कारभार पाहणारी एक सभा होती, कोर्ट ऑफ लोडमनेज. 19व्या शतकाच्या मध्यापर्यंत ती चालू होती.

पण मला या घराण्यातला सगळ्यात आवडलेला शब्द आज कोणीच वापरत नाही. लाटेओव्. फोड करायची तर 'लाड' अधिक 'थेओव्'. लाड म्हणजे वाट, थेओव् म्हणजे चाकर, गुलामसुद्धा. वाटेचा चाकर! आणि हा शब्द वापरत कोणासाठी? वाटाड्यासाठी, आणि सैन्याच्या पुढाऱ्यासाठीही. आंधळे आंधळ्यांना वाट दाखवतात, हे बायबलमधलं वचन जुन्या इंग्रजीत आलं तेव्हा त्या वाट दाखवणाऱ्यांनाही लाटेओव्‌च म्हटलं गेलं. पुढाऱ्याला चाकर म्हणणारा शब्द टिकला नाही, याचं फारसं नवल वाटत नाही.

सल्ल्यासाठी वेगळा शब्द होता, 'रॅड'. आजचं 'रीड', वाचणं, त्याच्याच नात्यातलं. सल्ला देणं, कोडं उलगडणं आणि अक्षरं लावणं ही सगळी एकाच क्रियापदाची कामं होती. 978 साली गादीवर आलेल्या एथेलरेड राजाच्या नावाचा अर्थ 'थोर सल्ला'. त्याच्या काळात डेन लोकांनी इंग्लंड लुटलं, आणि पुढे त्याला नाव पडलं 'अनरॅड', म्हणजे सल्ल्याविना. थोर सल्ला, पण सल्लाच नाही! 'रॅड'चा अर्थ विसरला गेल्यावर लोक त्याला 'अनरेडी' म्हणू लागले, म्हणजे तयारी नसलेला. टोमणा गेला, बदनामी तेवढी उरली.

[दृश्य : नॉर्वेचा किनारा. उजवीकडे उघडे डोंगर, डावीकडे समुद्र.]

आता समुद्रावर जाऊ. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाच्या दरबारात, म्हणजे 871 ते 899 या काळात कधीतरी, ओहथेरे नावाचा नॉर्वेचा एक दर्यावर्दी आला. त्याने राजाला सांगितलं, सगळ्या नॉर्वेकरांत मीच सर्वांत उत्तरेला राहतो. तिथून पुढे जमीन कुठवर जाते, हे पाहायला तो निघाला होता. त्याची हकिगत जुन्या इंग्रजीत लिहून ठेवली आहे. तीन दिवस ओसाड जमीन 'स्टेओरबोर्ड'वर आणि मोकळा समुद्र 'बॅकबोर्ड'वर. मग आणखी तीन दिवस. मग किनारा पूर्वेकडे वळला, तेव्हा पश्चिमेच्या वाऱ्याची वाट पाहत थांबला. पुढे दक्षिणेकडे वळला, तेव्हा उत्तरेच्या वाऱ्याची. नकाशा नाही, होकायंत्र नाही. जहाजाच्या कोणत्या अंगाला काय दिसतं, यावर सगळा मार्ग सांगितलेला.

[दृश्य : गोकस्टाड जहाज. मागच्या टोकाजवळचं मोठं वल्हं.]

हे जहाज साधारण त्याच काळातलं. 1880 मध्ये नॉर्वेत गोकस्टाडला जमिनीतून बाहेर काढलं. सुकाणू नीट पाहा. ते मागे मधोमध नाही, उजव्या अंगाला बांधलेलं रुंद वल्हं आहे. 'स्टेओर' म्हणजे जहाज वळवायचं हे वल्हं आणि 'बोर्ड' म्हणजे जहाजाची बाजू. आजच्या स्टारबोर्डात ताऱ्याचा काहीच संबंध नाही. ते वल्हं दोन्ही हातांनी धरणाऱ्याची पाठ डाव्या बाजूला होई, म्हणून ती बाजू बॅकबोर्ड. जर्मन खलाशी आजही हाच शब्द वापरतात.

इंग्रजांनी मात्र तो सोडला आणि डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणू लागले. वादळात कोणी 'लारबोर्ड' ओरडलं की ऐकणाऱ्याला 'स्टारबोर्ड' वाटायचं. 1844 मध्ये ब्रिटिश आरमाराने हुकूम काढून लारबोर्ड बंद केला आणि 'पोर्ट' पक्का केला. सुकाणू उजवीकडे, म्हणून धक्क्याला डावी बाजू लावायची, असं या नावाचं कारण सांगतात.

[दृश्य : मुंबई बंदर. मालवाहू जहाजाकडे येणारी पायलटची बोट.]

सुकाणू कधीच मागे मधोमध गेलं, पण 'स्टारबोर्ड' हा शब्द राहिला. मुंबई बंदरात पायलट, म्हणजे बंदराचा वाटाड्या, जहाजावर चढतो आणि म्हणतो, 'स्टारबोर्ड टेन', म्हणजे सुकाणू उजवीकडे दहा अंश. चाकावरचा खलाशी रत्नागिरीचा असो की मनिलाचा, आधी तोच हुकूम मोठ्याने परत म्हणतो आणि मग चाक फिरवतो.